मामांचे दात आणि माझा जड हात

जगातली भांडणं, घटस्फोट आणि अधूनमधून पडणारी सरकारं या सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण आहे, ते म्हणजे लोक दात चुकीचे घासतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या इंदुरात एकच आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. बायकोचे वडील ती लहान असतानाच गेले, त्यामुळे आमच्या लग्नात कन्यादान मामा-मामींनीच केलं. म्हणजे नात्याने मामेसासरे, पण रुबाब पुरता सासऱ्याचा. आयुष्यभर रेल्वेत गार्ड होते. आधी मालगाडीचे, मग पॅसेंजरचे. आता अठ्ठ्याहत्तरीचे आहेत आणि सुदामा नगरात आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहतात. मामी जाऊन बरीच वर्षं झाली आणि मुलगा कॅनडात असतो, त्यामुळे मामांचं सगळं लक्ष आमच्यावर, म्हणजे आमच्या तोंडांवर असतं. मी मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा शिक्षण, नोकरी, पत्रिका यांपैकी कशाचीही चौकशी व्हायच्या आधी मामांनी मला विचारलं होतं, "रात्री घासता का?" मी गोंधळून "हो" म्हणालो. या घराशी माझा संबंध असा थापेने सुरू झाला.

मामांचं दात घासणं हा पाहण्यासारखा सोहळा असतो. बेसिनच्या वर खिळ्याला त्यांचं रेल्वेतलं घड्याळ टांगलेलं आहे. तोंडाचे त्यांनी चार भाग पाडलेत: वरची लाईन डावी-उजवी, खालची लाईन डावी-उजवी, आणि प्रत्येक लाईनीच्या पार मागे अक्कलदाढेपाशी जे काही आहे ते तिचं यार्ड. प्रत्येक भागाला अर्धं मिनिट. एक मिनिट पंचावन्न सेकंदांनी थुंकणारा माणूस मामांच्या लेखी लाल सिग्नल तोडून गेलेला असतो. ब्रश ते तीन बोटांत धरतात, वाटाण्याएवढी पेस्ट घेतात आणि हिरडीच्या कडेकडेने इतक्या हलक्या हाताने फिरवतात की बघणाऱ्याला वाटावं, आत कोणी झोपलंय आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही. एकदा नगरसेवकपदाचा उमेदवार मत मागायला ऐन त्या वेळी दारात आला. मामांनी तोंडात फेस तसाच ठेवून हाताचा पंजा दाखवून त्याला थांबवलं, आणि तो बिचारा सगळ्या कार्यकर्त्यांसकट हात जोडून उरलेलं सव्वा मिनिट उभा राहिला. नंतर मामांनी त्याचं काहीही ऐकून न घेता त्याच्या खालच्या दातांवरच्या पिवळ्या थराबद्दल त्याला चार शब्द सुनावले. तो निवडून आला, पण आमच्या गल्लीत पुन्हा हसताना दिसला नाही.

घासून झाल्यावर मामा फक्त थुंकतात. खळखळून चूळ भरणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग आहे. "पेस्ट विकत आणायची, दातांना लावायची आणि लगेच धुऊन नालीत घालायची? मग सरळ नालीच घासा ना भिया, दातांना कशाला त्रास देता?" असं ते ऐकवतात. नव्या ब्रशच्या दांड्यावर बॉलपेनने रुजू झाल्याची तारीख लिहितात. तीन महिने झाले की ब्रश सेवानिवृत्त. पण रेल्वेच्या माणसाला निवृत्तीनंतरची सोय महत्त्वाची वाटते, म्हणून त्याची आधी देवघरात पितळी निरांजनं घासायला बदली होते, तिथून सायकलच्या चेनवर आणि शेवटी मोरीच्या जाळीवर. मामांच्या घरात ब्रशचं अख्खं खानदान एकाच वेळी नोकरीत असतं. कोणाकडे मुक्कामाला गेले तर यजमानांच्या बाथरूममध्ये जाऊन सगळ्यांचे ब्रश निरखतात आणि बाहेर येऊन घरातल्या माणसांच्या स्वभावाचं निदान करतात. देपालपूरला एका नातेवाइकाकडे त्यांनी असंच एका ब्रशवरून "हा माणूस चिडका आहे" असं जाहीर केलं होतं. तो ब्रश त्या घरातल्या आजींचा निघाला आणि आजींनी चिडून ते सिद्धही करून दाखवलं.

अशा माणसाच्या नशिबी माझ्यासारखा जावई यावा ही खरोखर दैवाची थट्टा. मी आळशी होतो अशातला भाग नाही. उलट माझी अडचण उत्साहाची होती. आमचं शहर स्वच्छतेत पहिलं आलं आणि गल्लीगल्लीत झाडू, पाणी, भिंतींना रंग असं सुरू झालं, तेव्हा त्या वाऱ्यात मीही सापडलो. शहर इतकं चकचकीत आणि आपले दात मात्र पिवळट, हे मला बरं दिसेना. मी बाजारातला सगळ्यात कडक ब्रश आणला आणि दिवसातून तीन वेळा, दोन्ही पाय रोवून, कोपर खांद्याच्या रेषेत ठेवून, आडवे हात मारत दात घासायला लागलो. पंधरा दिवसांत ब्रशचे केस चारी दिशांना पांगायचे आणि मला ते मर्दुमकीचं लक्षण वाटायचं. त्यातून आमची इंदुरी न्याहारी. पोह्यांवर जीरावन मसाला, शेव आणि वर अख्खं लिंबू पिळल्याशिवाय माझा दिवस उजाडत नाही. मग हळदीचा पिवळा रंग दातांना चिकटलाच असणार या शंकेने शेवटचा घास गिळता गिळता मी बेसिनकडे धाव घ्यायचो आणि घसाघसा घासून काढायचो. लिंबाचा ताजा आंबटपणा आणि वर लगेच कडक ब्रश, याला मी पाच वर्षं निष्ठेने स्वच्छता म्हणत आलो.

मामा सकाळी फिरायला निघाले की आमच्या बाथरूमच्या खिडकीखालून जातात. एके दिवशी आतला घसाघसा आवाज ऐकून ते तसेच आत आले. त्यांना वाटलं, बाई कढई घासतेय आणि कढई जळलेली आहे. आत बघतात तर जावई. त्यांनी माझ्या हातातला ब्रश घेऊन उजेडात धरला.

"जावईबापू, हा ब्रश आहे का झाडू?"

"मामा, पोहे खाल्ले होते, म्हणून जरा नीट..."

"लिंबू?"

"एक. म्हणजे, अख्खं."

मामांनी डोळे मिटले आणि भिंतीला हात टेकला. मग मला पाटावर बसवून समजावून सांगितलं. दाताच्या वरचं कवच भलतं टणक असतं, पण आंबट लागलं की थोडा वेळ मऊ पडतं. लाळ ते हळूहळू सावरते. तेवढा वेळ त्याला द्यायचा. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि गप्प बसायचं. "आधा घंटा रुका ना भिया! सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलवतो का कोणी? आणि इतकं रगडायचं कशाला? दात आहेत, फर्शी नाही." मी सगळं पटल्यासारखी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून नळ पूर्ण सोडून घासायला लागलो, म्हणजे आवाज खिडकीबाहेर जाणार नाही.

थापेचं फळ मला स्नेहलतागंजमध्ये मिळालं. तिथल्या एका हॉलमध्ये बायकोच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. मला मुलाच्या आजोबांशेजारी मानाने बसवलं होतं. मटका कुल्फी आली, मी ऐटीत पुढच्या दातांनी तुकडा तोडला, आणि जी कळ गेली ती थेट कानाच्या मागे. मी ओरडलो. साधं ओरडलो नाही, असा ओरडलो की गुरुजी मंत्र विसरले आणि मुलाच्या आजोबांनी माझ्याऐवजी स्वतःची छाती धरली. दुसऱ्या दिवशी मामाच मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. पोरगेलीशी बाई, पण तिने आरसा हातात देऊन माझी पाच वर्षांची कमाई दाखवली. सुळ्यांच्या आणि दाढांच्या मुळाशी, हिरडीलगत, खाचा पडल्या होत्या. "अंकल, ये कीड़ा नहीं है. ये आपने खुद घिसा है," ती म्हणाली. मी विचारलं, हे कवच परत कधी येईल? तिने मान हलवली. "नहीं आता." केस परत येतात, नखं येतात, मोडलेलं हाड जुळतं, पण हे एकदा गेलं की गेलं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने स्वतःचं काही कायमचं झिजवल्याचं असं उजेडात धरून दाखवलं की तो आरसा पालथा करून परत देतो. मामा रिक्षात म्हणाले, "चूक माझी आहे. लग्नाआधी पत्रिका बघितली, ब्रश बघायला पाहिजे होता."

त्यानंतर मी सरळ झालो. मऊ ब्रश, अर्धा तास थांबणं, रात्री न चुकता. मामा महिन्यातून एकदा माझा ब्रश तपासायचे आणि केस सरळ दिसले की "हौ, चालेल" एवढंच म्हणायचे. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणालाच मिळालेलं नाही.

आणि मग मामांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या बशीचा आवाज व्हायचा, मग शर्टाची बटणं लागेनाशी झाली. डॉक्टरांनी औषधं दिली, पण कंप काही पूर्ण जाणारा नव्हता. बाकी सगळं मामांनी हसण्यावारी नेलं. ब्रशचं मात्र त्यांनी आमच्यापासून लपवलं. एकदा सकाळी मी गेलो तर त्यांच्या गालावर पेस्ट होती, हनुवटीवर होती, चष्म्यावरही होती, आणि खालच्या ओठाला ब्रश लागून रक्त आलं होतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी बाथरूमचं दार लावून घेतलं. कॅनडाहून मुलाने बॅटरीवरचा ब्रश पाठवला. तो मामांच्या हातातून निसटून बेसिनमध्ये भुंग्यासारखा गरगरत राहिला. एक मदतनीस ठेवून पाहिला, तर त्याचा हात माझ्या जुन्या हाताचा सख्खा भाऊ. बायको म्हणाली मी घासते, पण तिची शाळा सकाळी सातची. ती पळता पळता कशीबशी चार दिवस आली आणि पाचव्या दिवशी मामांनीच तिला हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, हिरड्या सुजल्यात, एक दात कडेने खराब व्हायला लागलाय. रोज नीट घासलं गेलं नाही तर वर्षा-दोन वर्षांत एकेक करून जातील.

मी म्हणालो, "मामा, मी येतो. बँक साडेदहाची आहे. रोज सकाळी येतो."

मामा इतके चिडलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. "काय बोलता आहात तुम्ही? लग्नात या हाताने तुमचे पाय धुतले मी. आता तुमच्यापुढे तोंड उघडून बसू? जावयाकडून थुंकी पुसून घेऊ? जाऊ दे ना यार, पडू देत दात. अठ्ठ्याहत्तर वर्षं झाली, पुष्कळ चावलं." आणि मग पुढचे दहा-बारा दिवस मामा दातांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. गल्लीतल्या मुलांना गोळ्या-चॉकलेट खाताना पाहून गप्प राहिले. दूध-भात, पातळ खिचडी खायला लागले. बोलताना ओठ मिटून बोलायचे. मला त्यांच्या व्याख्यानांचा वैताग होता हे खरं, पण ती बंद झाल्यावर मी खरोखरच घाबरलो. हा माणूस दात सोडून देतोय म्हणजे आणखी काय काय सोडून देणार, हे मला दिसायला लागलं.

रविवारी मामा आमच्याकडे पोह्यांना आले. बायकोने माझ्यापुढे बशी ठेवली. मी हात लावला नाही.

"का हो? बरं नाही का?" मामांनी विचारलं.

"रुसलोय," मी म्हणालो.

बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मी तो बाजूला केला. आमच्याकडे लग्नात जावयाने रुसायचं आणि मुलीकडच्यांनी त्याची समजूत काढायची, ही रीत आहे. तो मागेल ते द्यावं लागतं. माझ्या लग्नात मी लाजऱ्या स्वभावामुळे रुसलोच नव्हतो. वऱ्हाडातल्या बायकांनी पुष्कळ आग्रह केला होता, तरी मी "काही नको" म्हणून बसून राहिलो होतो. ते मी मामांना सांगितलं. म्हटलं, "तेव्हा राहून गेलं, ते आज करतो. तुम्ही कन्यादान केलंय, जावयाचा रुसवा काढणं तुमच्याकडे लागतं."

मामा सावध झाले. "काय पाहिजे?"

"तुमचे दात घासायला पाहिजेत."

"असं काही मागतात का जावई? अहो, अंगठी मागा, गाडी मागा!"

"गाडी आहे. दात द्या."

बावीस वर्षांचा संसार झालेला, टक्कल पडलेला जावई पोह्यांच्या बशीपुढे फुगून बसलाय, हे दृश्य काही शोभेचं नव्हतं. पोहे थंड होत होते आणि मला भूकही सडकून लागली होती. आणखी पाच मिनिटं गेली असती तर मीच माझा रुसवा काढला असता. पण मामा जुन्या रीतीचे. उपाशी उठलेला जावई त्यांना सोसणारा नव्हता. बराच वेळ ते आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आधी हात दाखवा. तुमचा हात जड आहे."

त्यासाठी त्यांनी परीक्षा घेतली. पूर्ण पिकलेला चिकू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, दोन मिनिटं घासा, साल निघता कामा नये. पहिल्या दिवशी माझा चिकू सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचं शिकरण झालं. बायको शाळेतून येऊन टेबलावरचे चिकूचे अवशेष बघायची आणि ते फडक्याने पुसायची. चौथ्या दिवशी मी श्वास रोखून, तीन बोटांत ब्रश धरून, गोल गोल फिरवत चिकू जसाच्या तसा परत केला. मामांनी तो खिडकीशी नेला, चष्मा वर करून सगळीकडून पाहिला. "उद्यापासून या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर मामा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गळ्याभोवती टॉवेल होता. जावयाकडून सेवा घ्यायची म्हणून त्यांनी आधी माझ्या हातावर नारळ ठेवला. मग डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. मी त्यांच्या हनुवटीखाली डावा हात धरला. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला लावणारा तो माणूस तोंड उघडून इतका लहान दिसत होता की मला एकदम गलबलून आलं. मिटलेल्या डोळ्याच्या कडेतून त्यांच्या कानाकडे पाण्याचा एक ओघळ गेला. "लागलं का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी खालच्या लाईनीकडे वळलो.

याला आता आठ महिने झाले. खराब होत चाललेला दात डॉक्टरीणबाईंनी भरून वाचवला. हिरड्यांची सूज उतरली आणि मामांनी परवा जोशात येऊन कणीसही खाल्लं. बोलणं पुन्हा सुरू झालंय आणि गल्लीतली मुलं पुन्हा चॉकलेट लपवायला लागली आहेत. पण सकाळच्या त्या दोन मिनिटांत आम्ही दोघंही बोलत नाही. पहिले काही आठवडे मामा डोळे गच्च मिटून बसायचे. हल्ली मिटत नाहीत. मध्यंतरी पंख्याकडे बघायचे, आता सरळ माझ्याकडे बघत असतात आणि मला त्याचा संकोच वाटत नाही.

माझे वडील गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो. त्यांचे पाय चेपले होते, औषधं दिली होती. पण त्यांच्या तोंडात शेवटी किती दात उरले होते, असं कोणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. मी कधी पाहिलंच नाही. मामांचे एकतीस आहेत. खालच्या ओळीतला डावीकडचा एक थोडा हलायला लागलाय. तिथे पोचलो की मी हात आणखी हलका करतो.